मलिक अंबरच्या चेहऱ्याचा रंग

सातवीची मुले मलिक अंबरवर चार्ट करीत होती. नहर-ए-अंबरीचा नकाशा झाला, खडकी वसवल्याचे १६१० हे साल ठळक अक्षरांत लिहून झाले, भातवडीच्या लढाईचे १६२४ हेही बरोबर आले. राहिला होता तो चेहरा. पेन्सिलीने एका मुलाने तो बरा उतरवला होता. रंग भरायची वेळ आली तेव्हा त्याने काळ्या पोस्टर कलरची डबी उघडली आणि कपाळापासून दाढीपर्यंत सारे काळे करून टाकले. नाक गेले, डोळ्याखालची रेघ गेली, दाढी आणि गाल एक झाले. शेजारची मुलगी म्हणाली, "टीचर, ये तो तवे जैसा हो गया. आदमी ऐसा थोडी होता है?" दुसऱ्याने तोड सुचवली. खडूंच्या पेटीत 'स्किन' नावाचा एक फिकट गुलाबीसर खडू असतो, तो वापरू या म्हणाला. त्यावर वर्ग हसला, कारण त्या खडूच्या रंगाचे एकही मूल वर्गात नव्हते, आणि टीचरही नव्हत्या.

काळा का लावलास, असे मी त्या मुलाला विचारले. त्याने पुस्तकात 'हबशी' हा शब्द वाचला होता. हबशी म्हणजे काळा, एवढे त्याला घरीदारी ऐकून ठाऊक होते. त्याला काय बोलणार? चारशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानच्या बादशहानेही हेच केले होते.

मलिक अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास हबश देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादच्या बाजारांतून हात बदलत दख्खनेत आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही हबशीच. 'अंबर' हे नाव आईबापांनी ठेवलेले नव्हे, ते मालकाने दिलेले. गुलामांना सुगंधी द्रव्यांची आणि रत्नांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती: अंबर, याकूत, काफूर. दहाव्या शतकात मिसरचा कारभार हाती घेतलेला काफूर इख्शीदी वर्णाने काळा होता आणि नाव मात्र पांढऱ्याशुभ्र कापराचे. थट्टा होती की कौतुक, ते नाव देणाऱ्यालाच ठाऊक. अंबर हे नाव निदान तेवढे खोटे नाही. समुद्रातून मिळणारा तो सुगंधी गोळा करड्यापासून काळपट तपकिरीपर्यंत नाना छटांचा असतो.

पुढची हकीकत वाचकांना परिचित आहे. मोडकळीला आलेली निजामशाही त्याने सावरून धरली, मोगल फौजांना वर्षानुवर्षे दख्खनेत अडकवून ठेवले, भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाच्या छातीवर हे ओझे किती होते ते त्याच्या तुझुकमध्ये दिसते. एरवी फुले, पक्षी, हरणे, माणसे यांच्याबद्दल इतके बारीक लिहिणारा हा बादशहा अंबरचा विषय निघाला की एकाच शब्दावर येतो. स्याहरू, म्हणजे काळतोंड्या. स्याही म्हणजे काळेपणाच, आणि स्याही म्हणजे शाईही. बादशहाने जणू दौत उपडी केली.

१६१६च्या सुमारास अबुल हसन या नामांकित मुसव्विराने एक चित्र केले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे कापलेले मस्तक आहे. मस्तकावर घुबड बसलेले. असे कधी घडले नाही. अंबर जहांगिराच्या हाती जिवंतही लागला नाही आणि मेलेलाही नाही. मे १६२६मध्ये तो आपल्या मुलखात, म्हातारपणी वारला. खुल्दाबादला त्याची कबर आहे, पुढच्या वेळी दर्ग्यांच्या जियारतीला गेलात तर तिकडेही फातेहा पढावा.

याच काळातले दुसरे एक चित्र आहे, १६२०च्या सुमाराचे. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चितारणारा हाशिम. हा मूळ दख्खनी शैलीत तयार झालेला, नंतर मोगल दरबारात गेलेला मुसव्विर. इथे घुबड नाही, भाला नाही. एका बाजूने दिसणारा भरदार देहाचा माणूस आहे, अंगात पांढरा जामा आहे. आणि चेहरा? तो काळा नाही. गडद तपकिरी आहे. त्यात गालाचा उंचवटा कळतो, नाकाची घडण कळते, वय कळते. ज्या बादशहाने स्याहरू लिहिले त्याच्याच दरबारी चाकरीतला हा माणूस, पण त्याने स्याही लावली नाही.

याला हाशिमचे धैर्य म्हणावे असे मला वाटत नाही. दरबारी मुसव्विर बंडखोर नसतात. कारण बरेच साधे असावे, आमच्या चार्टवर घडले तेच. डोळ्याची, ओठाची, दाढीच्या केसांची रेघ काळीच काढावी लागते. खाली जमीनच काळी असेल तर वर काय दिसणार? माणूस ओळखू यायला हवा असेल तर काळ्यापासून दूर सरकावेच लागते, आणि किती सरकायचे ते शब्दाला विचारून कळत नाही, समोरच्या चेहऱ्याकडे बघूनच कळते. लेखणीला एका शब्दात भागवता येते. कुंचल्याला रंग कालवून घ्यावा लागतो.

आता हा रंग कालवायचा कसा, इथे माझी बी.एड.ची विद्या संपली. मी लाल, पिवळा आणि काळा एकत्र केले; शेणकाल्यासारखे काहीतरी झाले. पांढरा घातला तर ते राखेसारखे झाले. शेवटी एका विद्यार्थ्याच्या वालिदांना बोलावले. ते दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंवरची अक्षरे रंगवतात. फ्लेक्स बोर्ड आल्यापासून त्यांचे काम निम्म्यावर आले आहे, त्यामुळे दुपार मोकळी होती. माझी ताटली पाहून ते हसले आणि काळी डबी आधी झाकण लावून बाजूला ठेवली.

त्यांनी लाल आणि पिवळा मिळवून नारिंगी केला, भरपूर. त्यात कुंचल्याच्या टोकाने निळा घातला. नारिंगी विझत गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत विटेसारखा, मग कातड्यासारखा झाला. म्हणाले, लालमध्ये हिरवा घाला, तरी हाच रंग येतो; जांभळ्यात पिवळा घाला, तरी इथेच येता. हिशेब एकच आहे, लाल, पिवळा, निळा हे तिन्ही कुठल्या तरी वाटेने एकत्र आले पाहिजेत. फरक प्रमाणाचा. तिन्ही सारखे पडले तर राख होते. लाल-पिवळ्याचा हात वरचा ठेवला तर तपकिरी जिवंत राहतो. गडद करायचा तर आणखी थोडा निळा. त्यानेही भागले नाही तरच काळा, "और वो भी नमक जैसा." फिकट करायचा तर सरळ पांढरा ओतायचा नाही, त्याने रंग खडूसारखा भुकटी पडतो, आधी पिवळ्याने उघडायचा, मग पांढऱ्याचा स्पर्श. आणि नेहमी फिकटात गडद घालायचा, गडदात फिकट नाही. "उल्टा करोगे तो पूरी डबी जाएगी, टीचर, और कलर हाथ नहीं आएगा."

विज्ञानाच्या पुस्तकात इंद्रधनुष्याचे सात रंग आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. त्यांत तपकिरी नाही. तपकिरी म्हणजे उजेड कमी झालेला नारिंगीच असतो, आणि तोही आसपास त्याहून उजळ काहीतरी असेल तेव्हाच डोळ्यांना तपकिरी वाटतो. रोज पायांखाली जो रंग सगळ्यांत जास्त, तो आभाळातल्या यादीत नाही.

बहुधा म्हणूनच त्याला स्वतःचे नावही नाही. काळा, पांढरा, लाल, पिवळा यांना नावे आहेत. तपकिरीच्या प्रत्येक छटेला मात्र कुठल्या तरी वस्तूचे नाव उसने घ्यावे लागते. मराठीत तपकिरी आला तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या पुडीवरून. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या अखेरच्या दिवसांत असदबेग हा सरदार विजापूरहून ती घेऊन दरबारात गेला तेव्हा तिकडे ती नवलाचीच वस्तू होती. १६१७मध्ये जहांगिराने तिच्यावर बंदी घातली, अर्थात कुणी ऐकले नाही. म्हणजे रंगाचा हा शब्द जुना धरला तरी मलिक अंबरच्या काळापलीकडे फारसा जात नाही. बाकी बदामी, विटकरी, मातकट, चॉकलेटी, कॉफी. उर्दूत कत्थई काताचा, उन्नाबी उन्नाबाच्या फळाचा, खाकी धुळीचा. या खाकीला १८४६मध्ये पेशावरला उभारलेल्या इंग्रजांच्या गाइड्स पलटणीने जगभर नेले. भूरा शब्दाने तर माझ्या वर्गात दरवर्षी घोटाळा होतो. उर्दूत भूरा म्हणजे तपकिरी, मराठीत भुरा म्हणजे फिकट, पिंगट. मराठीच्या तासाला भुऱ्या केसांचा मुलगा आला की आमची मुले त्याला डोक्यापासून तपकिरी करून टाकतात. माणसाच्या कातडीसाठी मात्र दोन्ही भाषा एका शेतात उतरल्या: इकडे गव्हाळ, तिकडे गंदुमी.

मोगल दरबारात रंगांचा विचार काय होता, हे पाहायला मी आईन-ए-अकबरीकडे वळले, आणि चकित झाले. अबुल फजलने रंगांच्या स्वरूपावर एक छोटासा आईन लिहिला आहे. त्याच्या मते पांढरा आणि काळा हे सर्व रंगांचे मूळ. पांढरा जास्त आणि अशुद्ध काळा थोडा, तर पिवळा. दोन्ही सारखे, तर लाल. काळा जास्त, तर हिरवट निळा. कुठल्याही मुलाने दोन डब्या घेऊन हे करून पाहावे, राखाडीशिवाय काही हाती लागणार नाही. ही कल्पना अबुल फजलची नव्हे. ती अरस्तूपासून चालत आलेली, आणि मोठी माणसे तिला मानत आली. तरी आपल्या हकीमांना तिची अडचण जाणवली होती. इब्ने सीनाने सांगितले की पांढऱ्यापासून काळ्याकडे जायची वाट एक नाही. एक करड्यातून जाते, एक लालातून, एक हिरव्यातून. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसीने या वाटा पाच केल्या. तपकिरी अशा दोन वाटांच्या मधल्या रानात कुठेतरी सापडावा.

गंमत पुढे आहे. या आईनाला लागूनच लेखन आणि चित्रकलेचा आईन येतो. तिथे अबुल फजल लिहितो की मुसव्विरांना लागणाऱ्या सामानात मोठी सुधारणा झाली, वस्तूंचे योग्य भाव ठरवले गेले, आणि विशेषकरून रंगांच्या मिश्रणाने प्रगती केली. म्हणजे एका पानावर तत्त्वज्ञान सांगते की काळ्या-पांढऱ्यातून सारे होते, आणि शेजारच्या पानावर कारखान्यातले लोक ते बाजूला ठेवून काम करीत आहेत. अबुल फजलसारख्या हुशार माणसाला यात विसंगती दिसली नाही, याचे मला फार नवल वाटत नाही. तो पुस्तकांचा माणूस होता. आपल्या शिक्षकी पेशातही हे रोज होते. फळ्यावर एक लिहायचे आणि प्रयोगशाळेचा शिपाई दुसरेच करून दाखवतो.

त्या कारखान्यात कोण होते? इराणातून आलेले मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली दसवंत, बसावन, केसू, लाल, मुकुंद, माधू, सांवला. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा, भिंतींवर चित्रे काढत फिरायचा, अकबराच्या नजरेला पडला आणि ख्वाजांच्या स्वाधीन झाला. अकबरनाम्याची जी प्रत लंडनच्या वर सांगितलेल्या संग्रहालयात आहे, तिच्यात ११६ चित्रे आहेत आणि निदान ४९ चितारी त्यांवर राबले. चित्रांखाली लाल शाईत नोंदी आहेत: तरह अमक्याची, अमल तमक्याचा. तरह म्हणजे आराखडा, अमल म्हणजे रंगकाम. काही ठिकाणी तिसरे नावही येते, चेहरा-नामी करणाऱ्याचे. म्हणजे चेहरे करायला वेगळा हात. झाड, हत्ती, किल्ला कुणीही रंगवावा, चेहरा मात्र ज्याला जमतो त्यानेच.

वाचकांपैकी कुणी म्हणेल, पण तस्वीरकशीचा मसला काय? तो मसला तेव्हाही होता, आणि अकबराने त्यावर दिलेले उत्तर अबुल फजलने नोंदवले आहे: अवयव हुबेहूब काढूनही त्यात जीव घालता येत नाही, तेव्हा चितारी नाइलाजाने जीव देणाऱ्याची आठवण करतो. हे उत्तर उलेमांना पटले नाही. मी इथे फतवा द्यायला बसलेली नाही, इतिहास सांगते आहे.

सामान कुठून यायचे? तपकिरीपुरते बोलायचे तर बहुतेक जमिनीतून. लोखंडाचा गंज आणि माती एवढीच त्याची जात. पिवळी माती, जिला रामरज म्हणतात, ती आणि गेरू या सख्ख्या बहिणी. पिवळीत पाणी मुरलेले असते, ती भाजली की पाणी उडून जाते आणि ती लाल होते. कमी भाजली तर मधल्या छटा. कुंभाराची वीट भट्टीत करते तेच. ज्या मातीत लोखंडाबरोबर मँगनीज असते ती मुळातच तपकिरी; सायप्रसची अंबर माती म्हणून युरोपात ती विकली जाई. नावावर जाऊ नका, तिचा आपल्या अंबरशी काही संबंध नाही. आपल्याकडच्या हिरमुजी रंगाने तर नावातच आपले गाव ठेवले आहे. इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाची ती तांबडी माती. कोकणात तिच्यासारखीच काव भिंतींना आणि देवळांना लागते, गोव्यात तिची नक्षी होते.

मुसव्विर हे रंग दगडावर दिवसचे दिवस घोटत, पाण्यात निवळून बारीक गाळ तेवढा घेत, बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक घालत आणि शिंपल्यांत ठेवत. गडद करायला काजळ किंवा नीळ. उजळ करायला सफेदा, जो शिशाचा असे, किंवा पिवळा. पिवळ्यांत हरताळ सुरेख, पण हरताळात गंधक आणि सफेद्यात शिसे. ही दोन एकत्र आली तर पुढे काळवंडण्याची धास्ती. तेव्हा फिकट तपकिरी करणाऱ्याला कुणाशी कुणाचे पटते हेही पाहावे लागे. (आमच्या स्टाफरूमसारखे.) वसलीवर, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेल्या जाड कागदावर, पातळ हात चढत. मधून मधून कागद उलटा करून अकीकाच्या दगडाने घोटत. शेवटी परदाज: खारीच्या केसांच्या कुंचल्याने इतके बारीक ठिपके आणि रेघा की डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत, फक्त गाल गोल दिसतो. एका चेहऱ्यात चार-पाच तपकिरी असतात, आणि त्यांतला एकही डबीतून जसाच्या तसा आलेला नसतो.

हे कसब दख्खनेला मोगलांनी आणून दिले असे समजायचे कारण नाही. अंबरच्या राजधानीपासून दिवसा-दोन दिवसांच्या वाटेवर अजिंठा आहे. तिथल्या चितारऱ्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळ आणि परदेशी लाजवर्द एवढ्यावर काम भागवले, आणि माणसांच्या कातडीच्या इतक्या छटा केल्या की एका भिंतीवर गोरे, गव्हाळ, सावळे, काळसर असे सारे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. पहिल्या लेण्यातल्या एका सुंदर स्त्रीला इंग्रजी पुस्तकांनी 'ब्लॅक प्रिन्सेस' म्हटले आणि तेच नाव चिकटले. भिंतीपाशी उभे राहून पाहिले तर ती गडद तपकिरी आहे. इथेही लेखणीने काळा लिहिला, कुंचल्याने मात्र कालवला होता.

अजिंठ्याच्या बाबतीत आपल्या लोकांचे एक काम विसरले जाते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी चित्रांच्या नकला करवून घेतल्या. नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांची नावे सगळे घेतात. त्याच कामात हैदराबादचे सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन हेही होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. निजामच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यजदानी यांनी १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत अजिंठ्यावर चार खंड काढले, रंगीत चित्रांसह. नक्कल करणाऱ्याला मूळ चितारऱ्याचा प्रत्येक रंग पुन्हा कालवावा लागतो. छायाचित्र काढणाऱ्याची त्यातून सुटका असते. आणि या मंडळींपुढे एक जास्तीची अडचण होती. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फासले होते. त्यानंतर १९२०-२२मध्ये निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी खपल्या सावरल्या, ते काम मोलाचे होते, पण त्यांनीही लाख वापरली. वार्निश आणि लाख जुनी झाली की पिवळी पडते, मग तपकिरी. म्हणजे भिंतीवर दोन तपकिरी झाले, एक चितारऱ्याने मोजून घातलेला आणि दुसरा कुणीही न घातलेला. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी जागोजाग हा थर काढला, तेव्हा खालचे रंग पुन्हा दिसले.

असा न मागता आलेला तपकिरी युरोपात तर लोकांना आवडू लागला होता. आणि तिथे त्याच्या हौसेने एक अघोरी टोक गाठले. 'ममी ब्राउन' नावाचा रंग मिसरच्या कबरींतून काढलेल्या ममी दळून करीत. नावही आपल्या हकीमांच्या मोमियाईवरूनच आलेले. एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराला १८८१मध्ये कळले की आपल्या हातातल्या ट्यूबमध्ये खरोखरच माणूस आहे, तेव्हा त्याने ती ट्यूब बागेत खड्डा करून रीतसर पुरली. त्या दफनाला हजर असलेला त्याचा भाचा म्हणजे रुडयार्ड किपलिंग. मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला.

खडूंच्या पेटीतला 'स्किन' ही त्याच घराण्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीचा 'फ्लेश' नावाचा असाच गुलाबी खडू होता. १९६२मध्ये तिने त्याचे नाव बदलून 'पीच' केले. १९९९मध्ये तिने 'इंडियन रेड' हेही नाव काढले, कारण मुलांना ते तिथल्या आदिवासींच्या कातडीचे नाव वाटे. ते नाव खरे तर हिंदुस्थानातून जाणाऱ्या तांबड्या मातीचे होते, गेरूच्या नात्यातले. तिकडे नावे बदलली. आमच्याकडच्या पेटीत 'स्किन' मी परवाच पाहिला.

आणि खडूवाल्यांना का दोष द्यावा? सूरे रूमच्या बाविसाव्या आयतीत भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. सूरे फातिरमध्ये डोंगरांच्या पांढऱ्या, लाल, गडद काळ्या पट्ट्यांचा उल्लेख करून लगेच माणसांकडे आणि जनावरांकडे बोट दाखवले आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजीत हदीस आहे की आदम अलैहिस्सलाम यांना साऱ्या जमिनीतून घेतलेल्या मुठीभर मातीपासून घडवले गेले, म्हणून त्यांची लेकरे लाल, पांढरी, काळी आणि त्यांच्या दरम्यानची झाली. या 'दरम्यानची'वर मी नेहमी थांबते. अरबीत गव्हाळ-तपकिरी माणसाला 'आदम' असेही विशेषण आहे. हे सारे आम्हाला पाठ आहे, हजरत बिलाल यांचे नाव घेताना डोळे भरून येतात, आणि रिश्त्याचा विषय निघाला की पहिला सवाल, "लडकी साफ रंग की है ना?" माझ्याच मावशीने माझ्यासाठी आलेल्या पाहुण्यांपुढे 'खुलता गंदुमी' असा शब्द वापरला होता. तिने पिवळा थोडा जास्त घातला होता, एवढेच.

जहांगिराच्या दरबारातला मोतमिदखान इतिहासकार होता. अंबर गेल्यानंतर इकबालनाम्यात त्याने लिहिले की लढाईत, कारभारात, विवेकात या माणसाला जोड नव्हती, आणि एक हबशी गुलाम इतक्या मोठ्या पदाला पोचल्याचे दुसरे उदाहरण तवारिखेत नाही. शत्रूच्या पदरच्या लेखणीने उशिरा का होईना शाई पातळ केली. हाशिमने ते सहा-सात वर्षे आधी केले होते, अंबर जिवंत असताना.

आमच्या चार्टचे सांगायचे राहिले. पेंटरसाहेबांनी तीन ताटल्यांत तीन तपकिरी करून दिले. हाशिमच्या चित्राची छापील प्रत मी समोर ठेवली होती. मुलांचे एकमत होईना. काही म्हणाले मधला, काही म्हणाले गडद. शेवटी गालाला मधला, मानेला आणि पगडीखाली गडद, नाकावर आणि कपाळावर फिकटाची एक रेघ असे ठरले. काळ्या चेहऱ्यावर नवा कागद चिकटवून पुन्हा रेखाचित्र काढावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर रंग एक हाताने उजळला होता. पोस्टर कलर वाळताना गडद छटा फिकटतात. ज्या मुलाने आधी काळा लावला होता तो कुंचला घेऊन पुन्हा हात मारायला निघाला, तेव्हा पेंटरसाहेबांचा मुलगा म्हणाला, "अब्बा बोले थे, सूखने के बाद मत छेड़ना." मग तसाच लावला भिंतीला.